गंजीच्या आडोशाला लावलेली गाडी

२१ नोव्हेंबर १९९३, रविवार

गाडी आली. नारळ फुटायच्या आधीच चंद्रभान भाऊजींनी एकाचं नाक फोडलं.

दुबईहून आलेल्या कुण्या व्यापाऱ्याची गाडी, ह्यांनी औरंगाबादेत घेतली. पांढरी, लांबलचक, स्टिअरिंगचं चाक डाव्या हाताला, दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. बोरीच्या रस्त्यापासून पोरं मागे पळत आली. ओट्यासमोरच्या फरशीवर उभी केली तर सगळी वाडी गोळा झाली. जो तो माणिकराव, माणिकराव करत होता आणि हे मिशीत हसत होते. मार्केट कमिटीला उभं राहायचं तर दारात गाडी पाहिजे, असं ह्यांचं म्हणणं. वस्तीतला म्हातारा तात्याराव काचेतून आत डोकावत होता. डोकावताना त्यानं दारावर हात टेकला, एवढंच. भाऊजींनी मागून येऊन अशी ठेवून दिली की म्हातारा चाकापाशी बसला आणि पांढऱ्या पत्र्यावर रक्त उडालं. हे म्हणाले, "चंदू, आजच्या दिवशी तरी नको." मी पाणी आणून पत्रा धुतला. म्हाताऱ्यालाही तांब्याभर द्यायला हवं होतं हे नंतर सुचलं, तोवर तो उठून गेला होता.

मी लग्न होऊन आले तेव्हा हा दीर शाळेत जात होता. तेव्हाही आधी हात चालायचा, विचार मागून यायचा. आता वीस वर्षं झाली, विचार काही पोचलेला नाही.

३० नोव्हेंबर, मंगळवार

वीज दिवेलागणीला जाते ती जेवणं उरकल्यावर येते. टीव्हीवर बघण्यासारखं जे काही असतं ते नेमकं त्या वेळात. पूर्वी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवायचो, पण भाऊजी आता ट्रॅक्टर मळ्यातच ठेवतात. दारात एवढी गाडी, तिच्यात नवी कोरी बॅटरी, आणि सासूबाईंनी अन् मी अंधारात भिंती बघत बसायचं? नागनाथला म्हटलं, काढ. नागनाथ आमचा जुना सालगडी, सांगितलं की हात चालतो, उलट प्रश्न नाही. संध्याकाळी बॅटरी काढतो, पहाटे परत बसवतो. ज्याच्या घरी टीव्ही आहे तो गावात असंच करतो. ह्यांना वाटतं ट्रॅक्टरचीच आहे. मी कशाला सांगू?

गाडीला मात्र वास यायला लागलाय, सडक्या अंड्यासारखा. हे म्हणतात, तुझ्या स्वयंपाकघरातून येतो. मी म्हटलं, अंडी खातं कोण? चढावर झटकेही देते.

विद्यापीठाच्या नावावरून पुन्हा वातावरण तापलंय. भाऊजी रोज कुठल्या ना कुठल्या बैठकीला जातात आणि घसा बसवून येतात. अठ्ठ्याहत्तर साली पलीकडच्या गावातली घरं जळताना मी आमच्या माळवदावरून पाहिली होती. तो वास अजून डोक्यातून जात नाही.

१० डिसेंबर, शुक्रवार

हे शेवटी फाट्यावरच्या सूर्यभानला घेऊन आले. परभणीतल्या दोन गॅरेजांनी गाडीचं तोंड बघून हात जोडले. सूर्यभाननं मस्कतला सात वर्षं अशाच गाड्या केल्यात. सहा डिसेंबरला मुंबईला गेला होता, काल परतला. त्याची आई आमच्याच रानात खुरपायला यायची, मला वाकून "मालकीण" म्हणायची. हा आला तो काळा चष्मा लावून, मनगटावर सोनेरी घड्याळ, आणि ओट्याखालूनच, "जय भीम, माणिकराव." ह्यांनी नुसती मान हलवली. मला म्हणाला, "ताई, चहा कमी साखरेचा." ऐकलंत? वर साखरसुद्धा सांगतो!

भाऊजींच्या तो डोळ्यांत सलतो. फाट्यावर जिथं त्याचं गॅरेज आहे तिथं त्यांना धाबा टाकायचाय. जमीन सरकारी, पण आधी हा बसला. "ह्या साली उठवतोच त्याला तिथून," असं ते दिवाळीपासून म्हणतायत.

सूर्यभाननं गाडी बोरीपर्यंत नेऊन आणली आणि सगळ्यांना गोळा करून भाषणच ठोकलं. "ही गाडी येडी न्हाई. हिच्या पोटात कॉम्प्युटर हाय. धुराच्या नळीत त्याचं नाक बसवलंय. पर उभ्या गाडीत त्यो काईच तपासत न्हाई. इंजिन तापलं पायजे, एकसारख्या वेगानं गाडी दमानं पळली पायजे, मग त्यो वास घेतो. खोट दिसली तर लगेच बोंब मारत न्हाई, मनात धरतो. दुसऱ्या दिशी गार इंजिन चालू करून पुना तसंच पळवलं अन् पुना तीच खोट घावली, मंग ह्यो दिवा लावतो." आणि त्यानं स्टिअरिंगच्या चाकामागचा तो लहानसा दिवा दाखवला. चावी फिरवली की पिवळा लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो.

मग म्हणाला, "खाली एक डबा हाय. धूर जाळून साफ करायचा." मी म्हटलं, "मग एक माझ्या चुलीला बसवून दे." सगळे हसले, तोही हसला. म्हणाला, "ह्यो चुलीपरास तापतो, ताई," आणि तांब्यातलं पाणी गाडीखाली फेकलं. चुर्र झालं आणि वाफ अशी उठली की सासूबाईंनी पदर नाकाला लावला. एका प्लगमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, ते कच्चं डब्यात येऊन पेटतं, असं काहीतरी. वर आपल्या पेट्रोलातलं शिसं त्या डब्यात बसतं. तो डबा काढून साधी नळी टाकू म्हणाला. हे म्हणाले, "फॉरेनच्या गाडीची मोडतोड करायची नाही. दिवा लागला तर बघू."

"मंग दोन दिस मला चालवू द्या. कॉम्प्युटरच्या तोंडूनच ऐका. पर मदी बॅटरी काढू नका. बॅटरी काढली की त्याचं मन कोरं." मी चहाच्या कपबशा उचलत होते. पलीकडे तो ह्यांना अजून काहीतरी समजावत होता, फरशी, फरशी असं दोनदा कानावर आलं. हे "हां हां, कळलं" म्हणून उठले.

यंत्राला म्हणे मन! बॅटरी म्हणजे विजेचा डबा, त्यात मन कसलं? संध्याकाळी नागनाथनं जरा कां कूं केलं. मी डोळे वटारले.

१२ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस वाईट गेला.

सूर्यभाननं काल आणि आज गाडी जिंतूरच्या रस्त्याला पळवली. काळा चष्मा, कोपर खिडकीबाहेर, माणिकरावांची गाडी आणि चालवणारा तो. सध्याच्या दिवसांत हे कुणाच्या पचनी पडणार? परत येताना आपल्याच पोरांनी वेशीपाशी दगड घातला. पुढची काच तडकली, एक तुकडा त्याच्या भुवईत गेला. तसाच रक्त गाळत ओट्यापर्यंत आला आणि पहिलं काय म्हणाला तर, "दिवा लागला न्हाई. लागायला पायजे होता." मग माझ्याकडे वळून, "ताई, मदी बॅटरी काढली होती का?"

सगळ्यांसमोर. फौजदारानं चोराला विचारावं तसं. भाऊजी होते, हे होते, पाटलांकडचे दोघं होते. मी म्हटलं, "नाही."

नागनाथ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

भाऊजी म्हणाले, "आमच्या पेट्रोलवर दोन दिस हवा खाल्ली, काच फोडून आणली, अन् वर आमच्या बायामाणसांना इचारायलाय?" आणि त्याच्या तोंडात मारली. चष्मा उडाला. दुसरी मारली ती जखमेवरच बसली. सूर्यभाननं हात उचलला नाही. चष्मा उचलला, पुसला. म्हणाला, "यंत्र सुदिक एका खेपेला कुणावर आळ घेत न्हाई, चंद्रभान." भाऊ नाही, मालक नाही, नुसतं चंद्रभान!

तो गेल्यावर हे त्याला लबाड म्हणाले. खरं तर मघाशी हो म्हणायला काय झालं होतं? पण एकदा नाही म्हटल्यावर मागे कसं फिरायचं, तेही त्याच्यासमोर?

३१ डिसेंबर, शुक्रवार

वास वाढलाय. गाडी चढावर फाट फाट करते. हे म्हणतात, दिवा लागत नाही म्हणजे गाडी ठणठणीत आहे, कॉम्प्युटर खोटं बोलत नसतो. बोनेट उघडून दाखवायला आता आणणार तरी कुणाला?

भाऊजींनी आज कापूस वेचणाऱ्या एका बाईच्या नवऱ्याला नांगराच्या रुमण्यानं झोडपलं. निमित्त मजुरीचं, राग विद्यापीठाचा. माणसाचं मनगट मोडलं. सासूबाई म्हणाल्या, "चंदूला कुणीतरी आवर घाला, न्हाईतर एक दिस घरावर आणील." मी भाऊजींना जेवायला वाढलं. दोन भाकरी जास्तच खाल्ल्या त्यांनी.

१४ जानेवारी १९९४, शुक्रवार

संक्रांत. वाण लुटून आले तर रेडिओवर बातमी. विद्यापीठाला नाव दिलं. जुनं पुसलं नाही, पुढे वाढवलं. भाऊजींनी रेडिओ भिंतीवर आपटला. तिळगुळाचं ताट पडलं, सासूबाईंनी लाडू वेचायला घेतले आणि वेचता वेचता रडायला लागल्या.

वस्तीत हलगी सुरू झाली. दुपारी कळलं की सूर्यभान फाट्यावर एस.टी. थांबवून प्रवाशांना पेढे वाटायलाय. भाऊजी मोटारसायकलवर गेले. पेढ्यांचा पुडा उडवला, वर त्याच्या कपड्यांवर थुंकले. आणि मग जे झालं ते ऐकून माझा विश्वास बसेना. सूर्यभाननं भाऊजींचा हात हवेत धरला, पिरगाळला आणि सगळ्या एस.टी.देखत त्यांच्या मुस्काटात मारली. एकच.

भाऊजी घरी आले ते गालाला हात लावून. कुणाशी बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा मला जास्त भीती वाटते.

१५ जानेवारी, शनिवार

चहूकडून वाईट बातम्या. कुठे घरं पेटवली, कुठे गाड्या. कुणी म्हणतं आपल्यांनी, कुणी म्हणतं त्यांनी. उद्या परभणीला बैठक आहे, हे आणि भाऊजी गाडी घेऊन जाणार. मी म्हटलं, परत आल्यावर गाडी ओट्यासमोर नको. पांढरी गाडी अर्ध्या कोसावरून दिसते, कुणीही जाता जाता दगड घालेल नाहीतर काडी लावेल. मागच्या खळ्यात कडब्याची गंजी आहे, तिला खेटून लावा. वरून चार पेंढ्या टाकल्या की देवालासुद्धा दिसायची नाही.

हे म्हणाले, "डोकं चालतं हां तुझं." बऱ्याच दिवसांनी माझं कौतुक झालं. बरं वाटलं.

१७ जानेवारी, सोमवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल दिवस मावळता मावळता गाडी आली. फाट्यापासूनच आवाज येत होता, फाट फाट. भाऊजींनी सरळ खळ्यात घातली, कडब्यात चाकं रुतेपर्यंत. मी स्वतः उभी राहून पेंढ्या टाकून घेतल्या. हे पाय धुवायला न्हाणीत गेले, भाऊजी पुढच्या ओट्यावर माणसांत बसले.

मी मागचं दार लावायला गेले तर सूर्यभान धावत आला. वावरातून आडवा पळत आला असावा, पोटऱ्या काट्यांनी फाटलेल्या, छाती भात्यासारखी चाललेली. उजव्या हाताला कालवण तसंच. चष्मा नाही, काही नाही. दाराच्या फटीत बोटं घालून म्हणाला, "ताई, गाडी कुटं लावली?"

दोन दिवसांपूर्वी ह्यानं भाऊजींवर हात टाकलेला, गावोगाव जाळपोळ, आणि हा मागच्या दारी येऊन लपवलेली गाडी कुठं आहे विचारतोय. मी म्हटलं, "तुला काय करायचंय? हो मागं." तो म्हणाला, "ताई, आधी ऐका—" मी सगळ्या ताकदीनं दार लोटलं. बोटं मधे होती. कटकन आवाज आला, तो गुरासारखा ओरडला. मी पुन्हा लोटलं आणि कडी घातली. बाहेरून त्यानं डोकं आपटल्यासारखा आवाज आला, "ताई, ऐका" म्हणत होता. मग पुढच्या बाजूनं माणसांचा गलका आला आणि तो पळाला. मी मनात म्हटलं, बरी खोड मोडली.

तांदूळ निवडायला बसते न बसते तोच खळ्यातून नागनाथची बोंब. गंजी पेटली होती. आणलेलं पाणी हातातच राहिलं, एवढ्या झटक्यात पेटली. बैलजोडी गंजीच्याच बाजूला बांधलेली. भाऊजी आगीत घुसले, एकाचा कासरा विळ्यानं तोडला. दुसरा सुटला नाही. कातडी पेटलेला बैल दावणीभोवती फिरत होता आणि जो आवाज काढत होता तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. भाऊजींनी त्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. एका घावात पडला नाही. मग गाडीची टाकी उडाली आणि सगळे मागे फेकले गेलो. भाऊजी रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"कोण आलतं इकडं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सूर्यभान आला होता, गाडी कुठं लावली ते विचारत होता.

पुढचं वाक्य ऐकायला ते थांबलेच नाहीत. पंधरावीस जण गेले. मी माळवदावर चढले. तिथून फाटा दिसतो. सूर्यभान खळ्याकडेच परत येत होता म्हणे, हातात रिकामी बादली घेऊन. त्याला रस्त्यावरच गाठलं, ओढत गॅरेजवर नेलं. त्याच्याच जॅकच्या दांड्यानं मारलं. आधी पाय, मग हात, मग कुठं लागतं ते कुणी पाहिलं नाही. त्याची बायको कस्तुराबाई मधे पडली, तिला केसांना धरून नाल्यात फेकलं. टायरांच्या ढिगाला आग लावली. काळा धूर सरळ वर गेला. वस्तीतली माणसं दगड मारत आली, आपल्यातल्या दोघांची डोकी फुटली, आणि मग पोलिसांची गाडी आली. एवढ्या लांबून आवाज येत नव्हता, पण मला वाटत होतं की येतोय.

मला समाधान वाटलं. जळणारा बैल डोळ्यांपुढे होता, म्हणून वाटलं. इथं कुणी वाचणार नाही, तर खोटं कशाला लिहू?

नागनाथचे दोन्ही हात भाजलेत. त्याला खोबरेल लावताना म्हणाला, "मालकीण, आग वरून न्हाई लागली. गाडीच्या पोटाखालून लागली. मी बॅटरी काढाय गेलतो, म्या बघितलं. कोणबी न्हवतं तिथं." भाऊजींनी ऐकलं. म्हणाले, "धुरात तुला काय दिसलं, म्हाताऱ्या? पुना असं बोललास तर तुलाबी त्याच गंजीत टाकीन." म्हाताऱ्याला मोतीबिंदू आहेच, त्याला काय दिसणार.

१८ जानेवारी, मंगळवार

फौजदार आले होते. भाऊजी पहाटेच वालूरला पाहुण्यांकडे गेलेत. ह्यांनी मला आधी बसवून सांगितलं, जे पाहिलंस तेवढंच बोल. मी तेवढंच बोलले. सूर्यभान आला होता, गाडी कुठं आहे विचारलं, मी दार लावलं, थोड्या वेळानं आग लागली. फौजदार लिहून घेत होते.

मग त्यांनी विचारलं, "गाडीत काही बिघाड होता का? वायर शॉर्ट वगैरे?" हे म्हणाले, "मुळीच नाही. बिघाड असला की दिवा लागतो, कॉम्प्युटर आहे तिच्यात. विचारा हिला." मी सांगितलं, दिवा एकदाही लागला नाही. हे खरंच आहे. बॅटरीचं त्यांनी विचारलं नाही आणि त्याचा आगीशी संबंधही काय? टीव्ही बघितला म्हणून कुणाची गंजी जळत नाही.

सूर्यभानवर जाळपोळीचा गुन्हा लागलाय. दवाखान्यात खाटेशी पोलीस बसवलाय. जबडा मोडला, त्यामुळे त्याला बोलता येत नाही, जबाब घेता येत नाही. ह्यांना हे सांगताना फौजदारांनी आवाज खाली आणला होता. हे ऐकून ह्यांनी सुस्कारा सोडला, तो मला दिसला. भाऊ वाचेल असं वाटलं असेल.

२२ जानेवारी, शनिवार

सूर्यभान गेला. सकाळी बातमी आली.

मी त्याला मारलं नाही. मी फक्त दार लावलं. मागच्या दाराच्या फळीवर अजून डाग आहे, राखेनं घासला तरी जात नाही. सासूबाई दिवसभर जपमाळ घेऊन बसल्यात आणि माझ्याकडे बघत नाहीत. वस्तीवर पोलीस बसलेत. आमच्या दारातही दोघं बसलेत. मला भीती वाटते, पण कुणाची ते सांगता येत नाही.

२४ जानेवारी, सोमवार

आज कस्तुराबाई आली. पोलीस असूनही आली, दोन शिपायांच्या मधून चालत ओट्यापर्यंत. कपाळावर टाके, एक डोळा बंद. मला वाटलं शिव्या देईल, दगड मारेल. मी तयारीत होते. शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

ती म्हणाली, "बाई, भांडाय न्हाई आले. एक इचारायचंय. त्यो धड असताना शेवटचं तुमच्यापाशी बोलला. दवाखान्यात तोंडातून शबूद निघला न्हाई. काय म्हणला तुमाला?"

मी म्हटलं, "गाडी कुठं लावली, असं विचारलं."

"ते ठावं हाय, फौजदारानं सांगितलं. फुडं?"

"पुढं काही नाही."

"जेवायला बसलता. तुमची गाडी फाट्यावरून गेली तसा घास टाकून उठला. म्या म्हणलं कुटं? म्हणला, सांगून येतो, पाच मिन्टात. जाळाय जाणारा माणूस बायकूला सांगून येतो म्हणंल का? काय सांगायचं होतं त्याला?"

मी म्हटलं, मी ऐकलं नाही. ती म्हणाली, "तीन लेकरं हायेत. मोठी झाली की इचारतील, बाप काय सांगाय गेलता. मी काय सांगू त्यास्नी? त्या बाईनं ऐकलं न्हाई, असं सांगू?" आणि गेली. तिच्या पायांत चपला नव्हत्या, हे ती वेशीपाशी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं.

दुपारभर माझ्या डोक्यात तेच. विचारायला नाही, सांगायला आला होता. आम्हाला सांगण्यासारखं त्याच्याकडे काय होतं? गाडीबद्दल असणार, दुसरं काय. पण गाडीत तर काही नव्हतं.

चहाच्या वेळी मी ह्यांना विचारलं. साधंच विचारलं, "अहो, सूर्यभान त्या दिवशी काय सांगायला आला असेल हो?"

ह्यांनी बशी खाली ठेवली. उठले आणि माझ्या तोंडात मारली. वीस वर्षांत हा माणूस माझ्यावर कधी ओरडलाही नव्हता. मी चुलीपाशी पडले, कोपर भाजलं. वरून अजून दोन लाथा बसल्या, कमरेत. म्हणाले, "पुन्हा हा विषय काढलास तर जीव घेईन." ह्यांच्या तोंडून भाऊजींचा आवाज येत होता. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी अडवलं नाही. मग हे तिथंच जमिनीवर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाले, "फरशीवर लावायची होती. मला म्हणाला होता तो." एवढंच. मग उठून बाहेर गेले.

आता मी हे देवघरात बसून लिहितेय. ओठ सुजलाय, कमरेत कळ येतेय. फरशी. ते तांब्यातलं पाणी, चुलीपेक्षा तापणारा तो डबा. आणि मी स्वतः उभी राहून कडबा खेटून घेतला. देवा, मी स्वतः उभी राहून!

आणि तो दिवा. तो का लागला नाही ते फक्त मला आणि नागनाथला माहीत आहे.

ह्यांना वाटतं आज मारल्यावर मी गप्प बसेन. वीस वर्षं बसलेच होते. पण सूर्यभानवर दुसऱ्या खेपेला दार लोटलं तेव्हाही तो "ताई, ऐका" म्हणत होता, आणि ते काय होतं हे त्याच्या लेकरांना सांगू शकणारी आता मीच एक उरलेय. सकाळी नागनाथला घेऊन मी आधी वस्तीत कस्तुराबाईकडे जाणार आहे, तिथून फौजदाराकडे. घरातून बाहेर पडू देतील की नाही, माहीत नाही.